मोजणी

शुक्रवारी सकाळी अबू शगाराची गल्ली झोपेत असते,
तेव्हा मी पाणी बदलतो.
आदल्या रात्रीच दोन बादल्या एसीखाली भरून ठेवलेल्या असतात,
कारण जुलैत इथला थंडचा नळ
चहा टाकावा असं पाणी देतो,
आणि गार हवं तर बंद गीझरचा नळ सोडायचा.
उलटं आहे सगळं. सवय होते.
त्यात समुद्र उकळून केलेलं हे पाणी फारच हलकं.
यांना जड लागतं,
म्हणून तळाशी खोरफक्कानच्या शिंपल्यांचा चुरा.

तीन फुटांची काच. आत बावीस.
पिवळे, निळे, आणि एक पट्ट्यापट्ट्यांचा माजोरी,
ज्याला दिलावर मुकादम ‘फोरमन’ म्हणतो.
आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातलं त्यांचं कूळ,
जन्म अजमानच्या एका दुकानामागच्या खोलीत.
गाव कुणीच पाहिलेलं नाही.

पहिल्यांदा मी पाचच आणले होते. राहू देत म्हटलं ऐसपैस.
फोरमनने आठवड्यात तिघांना संपवलं,
चौथा पाइपामागे लपून लपून सुकत गेला.
दुकानातला म्हातारा हसला:
जागा दिलीस म्हणून मालकी आली.
गर्दी कर.
एकावरच डूख धरायला सवड मिळता कामा नये.

खरं होतं ते.
आमच्या हॉलमध्ये प्लायवूडच्या अलीकडे-पलीकडे आठजण.
तुळाजी गावकरचं घोरणं, रेजीची तेलाची बाटली,
पहाटे संडासाबाहेरची रांग,
यांवरचं भांडण इतक्या जणांत वाटलं जातं
की कुणाच्याच वाट्याला पुरतं येत नाही.

पण गर्दी केली की हात कोरडे ठेवून भागत नाही.
मी एसीवाला. जाळ्या काढायच्या, फवाऱ्याने धुवायच्या,
काळं पाणी मोरीत जाताना बघायचं, त्यातच माझं समाधान.
तसाच एकदा यांचा स्पंज नळाखाली धरला,
पिवळट पाणी संपेस्तोवर पिळला.
तिसऱ्या दिवशी टाकी आरशासारखी लख्ख
आणि वर चार पिवळे, आडवे.
त्या राडीत कुणीतरी राबत होतं,
डोळ्यांना न दिसणारं,
सगळ्यांचं विष पचवत.
मी त्यांनाच धुऊन काढलं होतं.

आता काढलेल्या जुन्याच पाण्यात स्पंज बुडवतो,
दोनदा दाबतो, पुरे.
वेंगुर्ल्याहून मंदाकिनी फोनवर बघत असते.
म्हणते, हे काय धुणं झालं?
तिला पिवळी दाखवतो, गाल फुगलेली.
तोंडात अंडी धरून अठरा दिवस उपाशी.
ती बराच वेळ बोलत नाही.
मग विचारते, आणि बाप?
बाप दगडावरून दुसऱ्याला हाकलतोय, मी सांगतो.

मंगळवारी बलदियाची माणसं आली.
खाटा मोजल्या, दाराजवळचे बुटांचे जोड मोजले.
दिलावर आणि तिघे तेव्हा गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत.
चारच राहतो, साहेब.
साहेब कोवळा होता, कंदुऱ्याची इस्त्री ताजी.
काचेशी थांबला.
यात किती?
त्या दुपारी एवढ्या एकाच प्रश्नाला खरं उत्तर होतं माझ्याकडे.
बावीस.
इतके? भांडत नाहीत?
इतके आहेत म्हणून नाही भांडत.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे,
आणि कागदावर उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं.

रात्री दिलावरने मला हलवून उठवलं.
पिवळीने तोंड उघडलं होतं.
शिंपल्यांच्या चुऱ्यावर तांदळाच्या कणीएवढी हालचाल,
नऊ, दहा, चौदा,
नीट दिसेना म्हणून त्याने बॅटरी लावली.
उजेड पडला मात्र,
सगळी कणी धावली
आणि तिच्या तोंडात परत दिसेनाशी झाली.
ती आमच्याकडे बघत राहिली, गाल फुगवून.

बंद कर, मी म्हटलं.
आणि वहीत लिहिलं, बावीस.